अश्रूंना दाद, कारणांना बंदी

सहानुभूती की स्वानुभव, हा वाद आपल्या नियतकालिकांतून आणि चर्चासत्रांतून इतका झाला आहे की आता दोन्ही बाजूंची वाक्ये पाठ झाली आहेत. प्रस्थापित समीक्षक म्हणतात, प्रतिभेला जात नसते, परकायाप्रवेश हेच कलावंताचे काम. आपण म्हणतो, ज्याचे जळते त्यालाच कळते. दोन्ही वाक्यांना टाळ्या मिळतात आणि वाद होता तिथेच राहतो. म्हणून हा प्रश्न मी एका परक्या देशातल्या, परक्या माध्यमातल्या माणसाच्या वाटचालीवर घासून पाहायचे ठरवले.

त्या माणसाचे नाव केन लोच. ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील नाट्यांचे दिग्दर्शक म्हणून त्यांनी नाव मिळवले. पुढे चित्रपट केले. कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक त्यांना दोनदा मिळाले. २००६ मध्ये 'द विंड दॅट शेक्स द बार्ली'साठी आणि २०१६ मध्ये 'आय, डॅनियल ब्लेक'साठी. याच माणसाचे काम त्यांच्या स्वतःच्या देशात वारंवार अडवले गेले, काही तर वर्षानुवर्षे कुलूपबंद राहिले. एकाच माणसाला पुरस्कारही आणि बंदीही. यात कशाला पुरस्कार मिळाला आणि कशावर बंदी आली, हे नीट मांडून पाहिले तर आपल्या वादात काही भर पडेल, असे मला वाटते.

१

लोच यांचा जन्म १७ जून १९३६ चा, इंग्लंडच्या मध्यभागातल्या ननीटन गावचा. वडील कारखान्यात इलेक्ट्रिशियन. १९४४ च्या शिक्षण कायद्याने इंग्लंडमध्ये माध्यमिक शिक्षण मोफत केले. मात्र त्याच व्यवस्थेने मुलांच्या वाटेत अकराव्या वर्षी एक परीक्षा उभी केली. जी मुले पास होत ती ग्रामर स्कूलमध्ये जात आणि जमले तर तिथून विद्यापीठात. उरलेली बहुसंख्य मुले सेकंडरी मॉडर्न नावाच्या शाळेत, आणि तिथून कारखान्यात किंवा खाणीत. लोच पास झाले. ग्रामर स्कूल, हवाई दलात दोन वर्षांची सक्तीची सेवा, मग ऑक्सफर्डला कायद्याचा अभ्यास, असा त्यांचा प्रवास झाला. कायदा मागे पडला आणि नाटक लागले. काही काळ नॉर्थॅम्प्टनच्या नाट्यसंस्थेत साहाय्यक दिग्दर्शक म्हणून काम करून १९६३ मध्ये ते बी. बी. सी.त शिकाऊ दिग्दर्शक झाले.

इथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. कामगाराच्या मुलाला त्या प्रतिष्ठित संस्थेचे दार केवळ गुणवत्तेने उघडले नाही. १९६४ च्या एप्रिलमध्ये बी. बी. सी.ची दुसरी वाहिनी सुरू व्हायची होती आणि माणसे हवी होती. नाट्यविभागाचा प्रमुख म्हणून सिडनी न्यूमन हा कॅनडाचा माणूस नुकताच आला होता. त्याला दिवाणखान्यातली जुनी नाटके नको होती, आजच्या ब्रिटनवरची नाट्ये हवी होती. गुणवत्ता असावीच लागते, पण दार उघडते ते आत माणसे कमी पडतात तेव्हा. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर आणि तालुक्याच्या गावी महाविद्यालयात अध्यापक. रुजू झालो त्या आठवड्यात शिक्षककक्षातले एक गृहस्थ मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "हे कोट्यातले." मी गप्प बसलो. आज उत्तर देता येईल. महाविद्यालये वाढली, राज्यघटनेने दाराला पाचर मारली, म्हणून आत आलो. तुम्ही आलात तेव्हा दाराला पाचर नव्हती, कारण तुमच्यासाठी ते कधी बंदच नव्हते.

२

लोच यांचे पहिले गाजलेले काम 'अप द जंक्शन'. ३ नोव्हेंबर १९६५ रोजी 'वेन्सडे प्ले' या मालिकेत ते प्रक्षेपित झाले. लंडनच्या कामगार वस्तीतल्या तीन तरुणी, त्यांचा कारखाना, त्यांची थट्टामस्करी, आणि एकीचा चोरून केलेला गर्भपात. त्या वेळी तिथे गर्भपात बेकायदा होता. कायदा बदलला तो १९६७ मध्ये. नाट्यावर तक्रारींचा पाऊस पडला. संस्कृतिरक्षक तिकडेही असतात.

त्यानंतर १६ नोव्हेंबर १९६६ रोजी 'कॅथी कम होम' आले. खेड्यातून शहरात आलेली कॅथी, तिचा ड्रायव्हर नवरा रेज, त्यांची मुले. नवऱ्याला अपघात होतो, काम जाते, आणि मग घर एकेक पायरी खाली उतरत जाते. सासूची कोंदट खोली, मग भाड्याच्या घरातून पोलिसी थाटात बाहेर काढणे, मग चाकांवरच्या गाडीघरांची वसाहत. तिथे आसपासचे सभ्य लोक रात्री आग लावतात. मग निराधारांचे वसतिगृह, जिथे नवऱ्याला राहण्याची परवानगी नाही. शेवटी रेल्वे स्थानकाच्या बाकावरून कॅथीची मुले सरकारी माणसे तिच्या हातातून ओढून नेतात. पहिल्या रात्री सुमारे १ कोटी २० लाख लोकांनी हे पाहिले. म्हणजे त्या देशातला साधारण दर चौथा माणूस. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २००० मध्ये दूरचित्रवाणीवरील शंभर श्रेष्ठ कार्यक्रमांची यादी केली, तीत हे नाट्य दुसऱ्या क्रमांकावर होते.

त्याचे बळ त्याच्या तंत्रातही आहे. त्या काळी दूरचित्रवाणीची नाट्ये बंदिस्त स्टुडिओत, पुठ्ठ्याच्या भिंतींपुढे होत. लोच आणि निर्माते टोनी गार्नेट सोळा मिलिमीटरचा हलका कॅमेरा खांद्यावर घेऊन रस्त्यात उतरले. खऱ्या गल्ल्या, खरी गर्दी, आणि मधूनमधून घरटंचाईविषयी बोलणारे निवेदकाचे आवाज. बातमी कुठे संपते आणि नाट्य कुठे सुरू होते हे कळू नये, अशी ती रचना होती. अनेकांचा आक्षेप यालाच होता. खोटे खरे वाटले तर कोणाला राग येत नाही. खरे खरेच वाटले की मात्र शिष्टाचार आठवतो.

हे नाट्य मी घरी लॅपटॉपवर पाहत होतो. आई मागे येऊन बसली. तिला इंग्रजीचा एक शब्द कळत नाही. गाडीघरांना आग लागते तेव्हा ती काही बोलली नाही. तिने ते डोळ्यांनी पाहिलेले आहे. शेवटी मुले ओढून नेतात तेव्हा मात्र म्हणाली, "काय रे, त्या बाईला कोन्हीच नव्हतं का? आपल्या वस्तीत कोनी तिला असं टेसनावर झोपू दिलं असतं का?"

आईच्या या प्रश्नाला मी समीक्षेचा दर्जा देतो. 'कॅथी'तली खरी उणीव तिने दाखवली. हे नाट्य कॅथीला एकटी पाडत नेते. तिच्याच अवस्थेतल्या बायका वसतिगृहात आहेत, पण त्या मिळून काही करत नाहीत. कॅथी किंचाळते, भांडते, पण का घडते आहे ते तिला कळत नाही. प्रेक्षकाला निवेदक आकडे सांगतो, कॅथीला कोणी सांगत नाही. ज्ञान प्रेक्षकाकडे आणि दुःख कॅथीकडे, अशी ही विभागणी आहे. अर्थात आईच्या बोलण्यालाही दुसरी बाजू आहे. आपली वस्ती आपण हौसेने वसवलेली नाही. गावाने वेशीबाहेर लोटले म्हणून ती एकवटली. तरी एकवटली हे खरेच.

मग परिणाम काय झाला? बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थांना बळ मिळाले. 'शेल्टर' ही संस्था त्याच वर्षी १ डिसेंबरला सुरू झाली. तिची तयारी आधीपासून चालू होती, पण 'कॅथी'मुळे लोकांची मने तापलेली होती. काही ठिकाणी नवऱ्यांना कुटुंबासोबत राहू देण्याची सुधारणा झाली. बेघरांविषयीचा कायदा व्हायला मात्र १९७७ उजाडले. खुद्द लोच पुढे हेच सांगत राहिले की नाट्याने लोकांना हलवले, पण जमीन कोणाची, घरे कोण बांधतो आणि नफा कोण घेतो, या प्रश्नाला ते भिडले नाही. देश रडला आणि झोपी गेला.

३

आता लेखकांकडे पाहू. 'अप द जंक्शन' नेल डन यांच्या पुस्तकावरून. त्या श्रीमंत घरातल्या, स्वतःहून कामगार वस्तीत राहायला गेलेल्या. 'कॅथी'चे लेखक जेरेमी सँडफर्ड. ईटन आणि ऑक्सफर्डमध्ये शिकलेले, आणि नेल डन यांचे पती. दोघांच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. पण हे सहानुभूतीचे साहित्य होते, आणि देशाने डोक्यावर घेतले ते हेच.

यानंतर लोच यांनी जी वाट धरली ती महत्त्वाची आहे. त्यांनी लेखक बदलले. जिम ॲलन हे मँचेस्टरचे. गोदी, खाण, बांधकाम अशी अंगमेहनतीची कामे करून लिहू लागलेले. बॅरी हाइन्स हे बार्न्सलीजवळचे, खाणकामगाराच्या घरातले, काही काळ शाळामास्तर. ॲलन यांच्याबरोबर लोच यांनी 'द बिग फ्लेम' केले. फेब्रुवारी १९६९ मध्ये ते दाखवले गेले. लिव्हरपूलचे गोदी कामगार संप करतात, मग एक पाऊल पुढे टाकून गोदीचा ताबाच घेतात आणि ती स्वतः चालवून दाखवतात. शेवटी बळाचा वापर करून त्यांना मोडले जाते. इथे रडवणारा प्रसंग नाही. इथे माणसे सभा घेतात, वाद घालतात, चुकतात, ठरवतात. 'कॅथी'त जे ज्ञान निवेदकाकडे होते ते इथे कामगाराच्या तोंडी आले. दुःख भोगणारा आणि दुःखाचे कारण जाणणारा, हे दोघे एकाच माणसात आले. विद्रोहाची सुरुवात यापेक्षा वेगळी काय असते?

म्हणजे लोच सहानुभूतीकडून स्वानुभवाकडे गेले आणि स्वानुभवाकडून संघटनेकडे. बाबासाहेबांनी आपल्याला दिलेल्या त्रिसूत्रीत शिक्षणानंतर संघटना आणि संघर्ष येतात. नुसते दुःख सांगणे त्या सूत्रात कुठेच नाही.

पण स्वानुभवाचा मुद्दा इतका सरळही नाही. टोनी गार्नेट यांचेच पाहा. 'अप द जंक्शन'चे ते कथासंपादक होते. ते पाच वर्षांचे असताना त्यांची आई चोरून केलेल्या गर्भपातात दगावली, आणि काही दिवसांतच वडिलांनी आत्महत्या केली. गर्भपाताचे ते दृश्य ज्याच्या घरात खरोखर घडले होते, तो माणूस पडद्यामागे होता आणि गप्प होता. ही गोष्ट त्यांनी जगासमोर आणली ती उतारवयात. २०१६ च्या आत्मकथनात त्यांनी ती लिहिली. २०२० मध्ये ते गेले. तेव्हा कोण भोगलेला आणि कोण न भोगलेला, याचा निवाडा लेखकाच्या नावावरून करताना जरा थांबावे. आपल्यातही कितीजण आडनाव बदलून, पत्ता लपवून, शहरात गप्प बसले आहेत. स्वानुभव असणे वेगळे आणि तो बोलण्याची सोय असणे वेगळे.

४

बॅरी हाइन्स यांच्या कादंबरीवरून लोच यांनी १९६९ मध्ये 'केस' हा चित्रपट केला. हे दूरचित्रवाणीचे काम नव्हे, पण त्याच घडणीचे. बार्न्सलीच्या खाणवस्तीतला बिली नावाचा मुलगा ससाण्याचे पिल्लू पाळतो आणि त्याला शिकवतो. शाळा त्याला मारते, मोठा भाऊ मारतो, नोकरी देणारा अधिकारी त्याच्यापुढे खाण ठेवतो. शेवटी भाऊ ससाण्याला मारून टाकतो. बिलीची भूमिका तिथल्याच डेव्हिड ब्रॅडली या शाळकरी मुलाने केली. भाषा तिथलीच, खणखणीत यॉर्कशरची. ती प्रेक्षकाला कळणार नाही म्हणून वितरकांनी कुरकुर केली, आणि परदेशासाठी काही संवाद सौम्य करून पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागले. आपल्या वस्तीची बोली छापताना संपादकांनी काय काय सुचवले होते, ते या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला नको.

मी मघाशी अकराव्या वर्षीच्या परीक्षेविषयी बोललो. लोच त्या परीक्षेत पास झालेला मुलगा. बिली नापास झालेला. 'केस' म्हणजे पास झालेल्याने नापास झालेल्याकडे मागे वळून पाहणे आहे, म्हणून तो मला सोसवत नाही. माझा धाकटा भाऊ नववीत गळाला. मी परीक्षा देत गेलो, तो वीटभट्टीवर गेला. त्याला मधमाश्यांचे सगळे कळते. पोळे कोणत्या झाडावर कधी धरते, माशी कधी चिडते, धूर किती द्यायचा. हे त्याला शाळेत एकाही मास्तरने विचारले नाही. 'केस'मध्ये एक शिक्षक बिलीला वर्गापुढे उभे करतो आणि ससाण्याविषयी बोलायला लावतो. जो मुलगा कधी तोंड उघडत नव्हता तो फळ्यावर शब्द लिहून समजावून सांगतो, आणि वर्ग कान देऊन ऐकतो. सबंध चित्रपटात शाळा ही शाळा वाटते ती तेवढाच वेळ. भाऊ माझ्याबरोबर बसून पाहत होता. म्हणाला, "दादा, तो मास्तर बरा हाय." मी काही बोललो नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत, तुला काय येते ते वर्गाला सांग, असे मी किती मुलांना म्हणालो, हे मनात मोजत होतो. हाताच्या बोटांच्या आत आटोपले.

पण याच चित्रपटावर माझा एक आक्षेप आहे. छडी मारण्याच्या प्रसंगात मुलांना खरोखर छड्या बसल्या. निरोप घेऊन आलेला लहान पोरगा रडतो ते रडणे अभिनयाचे नाही. नटांना पुढचे कथानक न सांगता प्रसंगात ढकलायचे, म्हणजे प्रतिक्रिया खरी येते, ही लोच यांची पद्धत आहे. पद्धत परिणामकारक आहे हे मान्य. तरी मी विचारतो, कामगाराच्या पोराला शाळेत छडी बसते हे दाखवण्यासाठी कामगाराच्याच पोराला पुन्हा छडी मारायची? आपली वेदना खरी वाटावी म्हणून ती आपल्यालाच पुन्हा भोगायला लावायची, हा कलेचा हक्क मी मानत नाही. मग ती कला आपल्या बाजूची का असेना.

५

आता बंदीकडे वळू.

१९६९ मध्ये 'सेव्ह द चिल्ड्रन' या संस्थेच्या पन्नाशीनिमित्त लोच यांच्याकडे माहितीपट सोपवला गेला. लोच यांनी संस्थेच्या दयाबुद्धीवरच कॅमेरा रोखला. गरीब मुलांकडे पाहण्याची वरिष्ठांची नजर, केनियातल्या मुलांवर चढवलेला इंग्रजी शाळेचा साज, आणि गरिबी मुळात कशामुळे, हा प्रश्न. संस्थेने हरकत घेतली. प्रकरण वकिलांपर्यंत गेले आणि चित्रफीत अभिलेखागारात बंद झाली. ती लोकांसमोर आली २०११ मध्ये, सुमारे चाळीस वर्षांनी. बेघरांची दया येऊ दिली तेव्हा टाळ्या पडल्या. दया करणाऱ्यालाच प्रश्न विचारला तेव्हा कुलूप पडले.

१९७५ मध्ये जिम ॲलन यांच्याबरोबर 'डेज ऑफ होप' ही चार भागांची मालिका आली. १९१६ पासून १९२६ च्या सार्वत्रिक संपापर्यंतची कथा. कामगारांचा विश्वासघात त्यांच्याच पुढाऱ्यांनी केला, हा तिचा निष्कर्ष. वृत्तपत्रांनी गदारोळ केला, पण मालिका दाखवली गेली. १९८३ मध्ये लोच यांनी 'क्वेश्चन्स ऑफ लीडरशिप' हा माहितीपट चॅनेल फोरसाठी केला. विषय तोच, कामगार संघटनांचे नेतृत्व आणि सामान्य कामगार. फरक एवढाच की या वेळचे पुढारी जिवंत होते आणि खुर्चीवर होते. समतोल नाही अशी हरकत निघाली, आणि तो कधीच प्रक्षेपित झाला नाही. मेलेल्या पुढाऱ्यांवरची टीका म्हणजे इतिहास, आणि जिवंत पुढाऱ्यांवरची टीका म्हणजे पक्षपात, असा तो न्याय.

इथे दुसऱ्यांकडे बोट दाखवून थांबणे मला बरे वाटत नाही. रिपब्लिकन पक्ष १९५७ मध्ये स्थापन झाला आणि त्याची पुढे किती शकले झाली, ते कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. उद्या आपल्याच एखाद्या तरुणाने आजच्या आपल्या नेतृत्वावर असा माहितीपट केला, तर आपण तो चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात दाखवू का? की समतोल नाही असे म्हणून कपाटात ठेवू? या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक आहे, आणि ते मला आवडत नाही.

तिसरे प्रकरण आपल्याला सर्वांत जवळचे. १९८४ मध्ये खाणकामगारांचा मोठा संप चालू असताना एका कलाविषयक कार्यक्रमासाठी लोच यांनी 'विच साइड आर यू ऑन?' केले. त्यात संपातल्या खाणकामगारांनी आणि त्यांच्या बायकांनी रचलेली गाणी आणि कविता होत्या. दाखवणाऱ्यांनी ते नाकारले. कलेच्या कार्यक्रमात इतके राजकारण बसत नाही, असा सूर होता. इटलीतल्या महोत्सवात पारितोषिक मिळाल्यावर, जानेवारी १९८५ मध्ये, ते दुसऱ्या वाहिनीवर दिसले. खाणकामगाराने स्वतः रचलेले गाणे कला नव्हे आणि त्याच्यावर दुसऱ्याने केलेले नाट्य मात्र कला, हा निवाडा आपल्याला नवा नाही. आंबेडकरी जलसे गावोगाव होत होते तेव्हा साहित्याच्या इतिहासकारांनी त्यांना प्रचार म्हणून दाराबाहेर ठेवले. दलित कवितेला पहिली वर्षे हेच ऐकावे लागले. परिषदांची आमंत्रणे आली ती नंतर.

ही वर्षे लोच यांना जड गेली. काम मिळेना तेव्हा त्यांनी पोटासाठी जाहिराती केल्या, त्यांत मॅकडोनाल्डचीही एक. पुढे त्यांनी याची लाज वाटत असल्याचे सांगितले. मी ही गोष्ट त्यांचा पाणउतारा करण्यासाठी लिहीत नाही. ज्याला बोलू दिले जात नाही त्याला विकतही घेता येते, हे लक्षात राहावे म्हणून लिहितो. त्याच माणसाने १९७७ मध्ये राणीचा ओ. बी. ई. हा किताब नाकारला होता. त्याच वर्षी हाइन्स यांच्याबरोबर केलेल्या 'द प्राइस ऑफ कोल'च्या पहिल्या भागात राजपुत्राच्या भेटीसाठी खाणीची रंगरंगोटी चालते आणि दुसऱ्या भागात त्याच खाणीत अपघात होतो. मंत्र्याच्या दौऱ्याआधी वस्तीच्या रस्त्याला चुना मारलेला ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे नाट्य समजावून द्यावे लागणार नाही.

१९९० नंतर त्यांचे चित्रपट पुन्हा उभे राहिले आणि कानची पारितोषिके येऊ लागली. ऑगस्ट २०२१ मध्ये मजूर पक्षाने त्यांना पक्षाबाहेर काढले, तेव्हा ते पंच्याऐंशी वर्षांचे होते. २०२३ मध्ये त्यांचा 'द ओल्ड ओक' आला.

६

कोणी म्हणेल, 'आय, डॅनियल ब्लेक'ला तर सर्वोच्च पारितोषिक मिळाले, आणि त्यात व्यवस्थेकडे थेट बोट आहे. मग तुमचे सूत्र कुठे टिकते? आक्षेप रास्त आहे. न्यूकॅसलचा सुतार, हृदयविकारामुळे डॉक्टरांनी काम बंद करायला सांगितलेला, आणि सरकारी तपासणीत मात्र काम करण्यास लायक ठरवलेला. तो कार्यालयाचे उंबरे झिजवतो. त्याला संगणकावर अर्ज भरायला सांगतात आणि त्याने जन्मात माऊस हातात धरलेला नाही. शेवटी तो कार्यालयाच्या भिंतीवर रंगाने आपले नाव आणि आपली मागणी लिहितो. इथे कारणही आहे आणि स्वाभिमानही. म्हणून बंदीचे सूत्र मी असे सुधारून मांडतो. कारण दाखवणाऱ्याला दाद मिळते, पण उशिरा आणि बहुधा घराबाहेरून. ज्या घराला तो प्रश्न विचारतो ते घर पहिल्या दिवशी दाद देत नाही.

हा चित्रपट मी माझ्या विद्यार्थ्यांना दाखवला. शिष्यवृत्तीच्या अर्जांचे दिवस होते. सर्व्हर बंद, जातीचा दाखला अपलोड होईना, बँकेचे खाते आधारशी जुळेना. डॅनियल संगणकापुढे बसतो तेव्हा वर्ग आधी हसला आणि मग शांत झाला. एक मुलगी म्हणाली, "सर, यानं भिंतीवर नाव लिहिलं. आपण लिहिलं तर?" दुसऱ्या दिवशी त्या मुलांनी प्रलंबित अर्जांची यादी नावांसकट काढली आणि समाजकल्याण कार्यालयात नेली. सगळ्यांचे काम झाले असे मी म्हणणार नाही. पण कॅथी एकटी स्थानकावर बसली होती. ही पोरे सतरा जण मिळून गेली.

आपल्या दूरदर्शनने १९८१ मध्ये सत्यजित राय यांच्याकडून प्रेमचंदांच्या कथेवर 'सद्गती' करवून घेतला. ब्राह्मणाच्या दारात लाकूड फोडता फोडता मरणारा दुखी ओम पुरींनी असा उभा केला की तो विसरता येत नाही. १९८८ मध्ये गोविंद निहलानींच्या 'तमस'ची सुरुवातच डुक्कर मारायला लावलेल्या नत्थूपासून होते. दोन्ही कामे मोठी आहेत. पण ती आपल्याविषयीची 'कॅथी' आहेत. दुखी मरतो आणि नत्थू फसवला जातो. त्यांच्यानंतरचा टप्पा, म्हणजे आपला जिम ॲलन आणि आपली 'बिग फ्लेम', तो दूरदर्शनच्या पडद्यावर कुठे आला? मोठ्या पडद्यावर आपली पोरे आता कॅमेरा घेऊन उभी आहेत, याचा आनंद आहे. घराघरातल्या पडद्याचे दार मात्र अजून किलकिलेच आहे.

लोच यांच्या वाटचालीतून मी एवढे घेतो. आपल्या बाजूने रडणाऱ्याचे आभार मानावेत, पण त्याच्या रडण्यावर थांबू नये. तो आपल्याला लेखणी देतो का, आपल्या तोंडी कारण देतो का, हे पाहावे. आणि जे परीक्षेत पास होऊन आत आले, त्यांनी, म्हणजे मी आणि माझ्यासारख्यांनी, पहिला प्रश्न स्वतःला विचारावा. परवा तासाला मी नेहमीचा पाठ बाजूला ठेवला आणि मागच्या बाकावरच्या एका मुलाला फळ्याजवळ बोलावले. तो ऊसतोडीला जाऊन आलेला. म्हटले, कोयता कसा धरतात आणि उचल कशी फिटत नाही, ते वर्गाला सांग. तो आधी लाजला. मग खडू घेऊन त्याने उचलीचा हिशेब मांडला. तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठले नाही.